विषादाचे मूळ आणि गृहस्थाचा अभयधर्म

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला परंपरेने ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव दिले आहे. कर्मयोग, ज्ञानयोग, भक्तियोग यांच्या पंक्तीत विषादालाही ‘योग’ म्हणून बसविले, यात मोठे मर्म आहे. विषाद हे भगवंताकडे नेणारे दार होऊ शकते. मात्र ते दार उघडून देणारा कोणी तरी जवळ असावा लागतो. अर्जुनाजवळ श्रीकृष्ण होते. ज्या मुलाजवळ, ज्या सुनेजवळ, ज्या वृद्धाजवळ कोणीच नसते, त्याचा विषाद योगाच्या वाटेला न लागता रोगाच्या वाटेला लागतो. या रोगाला आज सर्वत्र ‘डिप्रेशन’ म्हणतात. त्याचे मूळ पुष्कळदा बालपणातील भयात असते आणि ते भय घराच्या उंबरठ्याच्या आतच जन्मलेले असते, असे वैद्यकशास्त्र अनेक वर्षांच्या संशोधनानंतर सांगत आहे. यास्तव हा विषय केवळ वैद्यांचा नाही. तो गृहस्थाश्रमाच्या धर्माचाही आहे.

प्रथम अर्जुनाची अवस्था लक्षपूर्वक पाहावी. दोन्ही सैन्यांमध्ये रथ उभा राहिल्यावर तो आपल्या देहाचे वर्णन करतो. गात्रे गळून चालली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, रोम उभे राहिले आहेत, गांडीव हातातून निसटत आहे, त्वचेची आग होत आहे, उभे राहवत नाही, आणि मन भोवंडल्यासारखे झाले आहे. येथे गात्रांची तक्रार आधी आली आहे आणि मनाची शेवटी. शोक व भय ही ‘नुसती मनाची’ गोष्ट असते असे मानणाऱ्याने या क्रमाचा विचार करावा. ज्याने युद्धात कधी पाठ दाखविली नाही, त्या वीराचा देह असा खचू शकतो. मग दहा वर्षांच्या मुलाचे हातपाय गुरुजींसमोर कापू लागले, तर त्यास भ्याड म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणास आहे?

अर्जुनाच्या विषादालाही बालपणाचा संदर्भ आहे. पांडूचा अंत अरण्यात झाला तेव्हा पाचही पांडव लहान होते. कुंती त्यांना घेऊन हस्तिनापुरास आली. ज्या घराण्यात आश्रय मिळाला, त्याच घराण्याकडून भीमावर विषप्रयोग झाला. पुढे वारणावतास लाक्षागृह रचले गेले. अशा भयाच्या वातावरणात त्या पितृहीन मुलाला एक मांडी मिळाली होती, ती पितामह भीष्मांची. महाभारताच्या भीष्मपर्वात अर्जुन स्वतः ती आठवण सांगतो. खेळून आल्यावर तो धुळीने माखलेल्या अंगाने भीष्मांच्या मांडीवर चढे आणि त्यांना ‘बाबा’ म्हणून हाक मारी. तेव्हा ते वृद्ध त्याला समजावीत, की बाळा, मी तुझा बाप नव्हे, तुझ्या बापाचा बाप आहे. कुरुक्षेत्रावर बाण सोडायचा होता तो याच वृद्धावर. गांडीव हातातून का गळले, याचे एक उत्तर त्या धुळीने माखलेल्या मांडीत आहे. बालपणात जेथे अभय मिळाले, ते स्थान मनुष्याच्या अंतःकरणात किती खोल जाते, हे व्यासांनी एका चित्रात दाखविले आहे. जेथे अभय मिळाले नाही, तेथील जखमही तितकीच खोल जाते.

अशा एका जखमी बालकाची कथा कुरुक्षेत्राच्याच हरियाणात, दिल्लीच्या दक्षिणेस असलेल्या फरीदाबाद नगरात आहे. या नगरात बल्लभगडजवळ सीही नावाचे जुने गाव आहे. आज त्याच्याभोवती कारखाने व वसाहती दाटल्या असून २०१८ साली तेथे मेट्रो गाडीचे ‘संत सूरदास (सीही)’ या नावाचे स्थानक उघडले. पुष्टिमार्गातील गोस्वामी हरिरायजींनी चौऱ्याऐंशी वैष्णवांच्या वार्तेवर लिहिलेल्या ‘भावप्रकाशा’त सूरदासांचे जन्मस्थान हेच सांगितले आहे. विद्वानांत याविषयी मतभेद आहेत. तथापि या कथेतील गृहस्थधर्माची शिकवण कोणत्याही मतभेदाने उणी होत नाही.

कथा अशी आहे. दरिद्री ब्राह्मणाच्या घरी जन्मांध पुत्र जन्मला. आईबापांना तो भार वाटला. ज्याच्या जन्माने घरात आनंद झाला नाही, ज्याच्याकडे पाहून घरातील माणसे खिन्न होत, अशा त्या बालकाने सहाव्या वर्षी घर सोडले आणि काही कोसांवर एका तळ्याकाठी झाडाखाली तो राहू लागला. वयात आल्यावर तो मथुरा व आग्रा यांच्यामधील गऊघाटावर गेला. त्याचा कंठ मधुर होता, लोक त्याच्याभोवती जमत. परंतु त्याच्या पदांतून सारखा एकच सूर उमटे : आपण पतितांचे नायक, आपल्याइतके हीन कोणी नाही. नाकारलेल्या मुलाच्या अंतःकरणात पुष्कळदा हाच सूर घर करतो. घरच्यांनी नाकारले याचा अर्थ तो ‘आपणच नाकारण्याजोगे आहोत’ असा लावतो.

पुढे श्रीवल्लभाचार्य गऊघाटावर आले. त्यांनी ती दीनवाणी पदे ऐकली आणि सूरदासांना सांगितले की हा केविलवाणा सूर पुरे, आता भगवंताची लीला गा. एवढेच सांगून आचार्य निघून गेले असते, तर ते शब्द आणखी एका धिक्कारासारखे झाले असते. परंतु त्यांनी सूरदासांना आपले म्हटले, दीक्षा दिली, भागवताच्या दशमस्कंधाचे मर्म कानी घातले आणि गोवर्धनावरील श्रीनाथजींच्या मंदिरात कीर्तनाची नित्य सेवा सोपविली. आश्रय, ज्ञान आणि काम ही तिन्ही मिळाली, तेव्हा त्या अंध पुरुषाच्या वाणीतून यशोदेच्या वात्सल्याची पदे प्रकट झाली. ज्यास आईचे कौतुक लाभले नाही, त्याने आईच्या कौतुकाचे सर्वोत्तम गायन केले. मात्र यावरून ‘छळ झाला म्हणूनच मोठेपण आले’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. नाकारलेली बालके अगणित झाली, सूरदास एकच झाले. त्यांना घडविले ते आश्रयाने.

आता शरीरशास्त्र काय सांगते ते पाहावे. बालक भ्याले म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो. पीयूषिका ग्रंथी रक्तातून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना इशारा पाठविते, आणि त्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. त्यामुळे रक्तातील साखर वाढते, अंगात झुंजण्याची किंवा पळण्याची तयारी होते. ही ईश्वराने केलेली रक्षणाची व्यवस्था होय. संकट सरले की मेंदूच ‘आता पुरे’ असा उलट निरोप धाडतो आणि सर्व शांत होते. हा निरोप धाडण्याच्या कामी हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. समुद्री घोड्यासारख्या वळणदार आकारामुळे त्यास हे नाव मिळाले. नवीन आठवणी साठविण्याचे कामही प्रामुख्याने हाच भाग करतो.

संकट नित्याचे झाले म्हणजे ही व्यवस्था बिघडते. दररोज सायंकाळी बापाची पावले वाजताच ज्या घरात मुले कोपऱ्यात दडतात, जेथे मद्याचा वास आणि पट्ट्याचा आवाज एकदमच येतो, जेथे आईबापांचे भांडण ऐकत मूल झोपते, जेथे ‘तू मेला असतास तर बरे झाले असते’ अशी वाक्ये सहज उच्चारली जातात, तेथे दारावरचा पहारेकरी कधी झोपतच नाही. रात्रंदिवस जागणारा पहारेकरी अखेर घरच्यांवरच शस्त्र उगारू लागतो. कॉर्टिसॉलचेही तसेच आहे. देहावरील ताणाच्या परिणामांकडे १९३६ साली हान्स सेल्ये या वैज्ञानिकाने जगाचे लक्ष वेधले. १९६८ साली ब्रूस मॅकइव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की ताणाचे हे संप्रेरक मेंदूत शिरून हिप्पोकॅम्पसमध्ये विशेषेकरून धरले जाते. पुढील प्रयोगांत असे आढळले की ताण दीर्घकाळ राहिला, तर तेथील पेशींच्या शाखा आखडतात. पाणी अधिक झाल्याने जसे रोपाचे मूळ कुजावे, तसे रक्षणाचे द्रव्यच अतिरेकाने घातक होते.

मनुष्यांविषयीही पुरावा मिळाला आहे. २००० साली क्रिस्टीन हाइम व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही स्त्रियांना परीक्षकांसमोर भाषण करावयास व तोंडी हिशेब करावयास लावले. ज्यांचा बालपणी छळ झाला होता, त्यांच्या रक्तात पीयूषिका ग्रंथीचा इशारा इतरांहून कितीतरी अधिक उसळला. आणि ज्या छळाबरोबर सध्या नैराश्यानेही ग्रस्त होत्या, त्यांच्यात तो सर्वांत अधिक होता. छळ होऊन वर्षे लोटली होती, तरी देह तो विसरला नव्हता. २००२ साली मीना वैथिलिंगम व त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यग्रस्त ३२ स्त्रियांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. त्यांपैकी ज्या २१ स्त्रियांचा बालपणी छळ झाला होता, त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा डावा भाग उरलेल्या ११ जणींच्या मानाने लहान आढळला. त्याआधी १९९८ साली अमेरिकेत फेलिटी व अँडा यांनी नऊ सहस्रांहून अधिक प्रौढांना बालपणाविषयी प्रश्न विचारले होते. मारहाण, अवमान, घरातील व्यसन, आईवरील अत्याचार अशा प्रकारांपैकी चार किंवा अधिक प्रकार ज्यांनी भोगले होते, त्यांच्यात नैराश्य, मद्यासक्ती व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे काहीच न भोगलेल्यांच्या मानाने ४ ते १२ पट होता.

या आकड्यांचा अर्थ विवेकाने घ्यावा. हे समूहाचे हिशेब आहेत. एखाद्या मुलाच्या कपाळी लिहिलेला लेख नव्हे. दुःख भोगूनही निरोगी राहिलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि सुखात वाढलेल्यासही नैराश्य येऊ शकते. लहान झालेला हिप्पोकॅम्पस हा किती अंशी परिणाम व किती अंशी कारण, यावर अजून संशोधन चालू आहे. परंतु एवढे निश्चित, की बालपणीचे भय हवेत विरत नाही. ते देहात मुरते.

गीता हे शरीरशास्त्राचे पुस्तक नव्हे, आणि तिच्यात ग्रंथी व संप्रेरके शोधीत बसणे हा तिचा गौरव नव्हे. तथापि मनुष्य कसा कोसळतो आणि कसा उभा राहतो, हे तिने ज्या नेमकेपणाने पाहिले आहे, त्यास तोड नाही. दुसऱ्या अध्यायात भगवान अधःपाताची पायरी दाखवितात : स्मृती भ्रमली की बुद्धी नष्ट होते आणि बुद्धी गेली की मनुष्य गेला. अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन आपण बरे झाल्याची खूण सांगतो, तीही हीच, की मोह गेला, स्मृती परत मिळाली. नैराश्याने ग्रासलेला मनुष्य हेच गमावून बसतो. आपण कधी हसलो होतो, कोणी आपल्यावर प्रेम केले होते, उद्याचा दिवस निराळा असू शकतो, यांचे त्यास स्मरणच राहत नाही. त्यास ते स्मरण पुन्हा करून देणे, हे त्याच्या जवळच्या माणसाचे काम होय.

येथे काही शंका उपस्थित होतात. पहिली शंका अशी की बालकाचे दुःख हे त्याच्याच पूर्वकर्माचे फळ असेल, तर त्यात आईबापांचा दोष कोणता? याचे उत्तर असे. कर्माची गती गहन आहे, असे भगवान चौथ्या अध्यायात स्पष्ट सांगतात. जी गती गहन आहे, तिचा निवाडा दुसऱ्याच्या लेकरावर लावण्यास कोणास अधिकार पोहोचतो? मुलाचे पूर्वकर्म काय होते हे बापास ठाऊक नाही. आज आपला हात का उठला हे मात्र त्यास ठाऊक आहे. तोच हात त्याचे कर्म आहे आणि त्याचा हिशेब त्याच्याच खात्यावर मांडला जाईल.

दुसरी शंका शिस्तीची आहे. पाच वर्षे लाड, दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षी मित्रत्व, असा जुना नीतीचा संकेत सांगितला जातो; ‘आम्हीही मार खाल्ला, आम्ही कोठे बिघडलो?’ असेही म्हटले जाते. परंतु बालकाने कोणत्या मर्यादेत वागावे हे ठरविणे निराळे आणि त्यास भयात ठेवणे निराळे. मर्यादा असलेल्या घरात मुलाला ठाऊक असते की काय केले असता काय होईल. भयाच्या घरात केव्हा काय होईल हे त्यास कधीच ठाऊक नसते, आणि हीच अनिश्चितता ताणाच्या ग्रंथींना विसावू देत नाही. आज देशाच्या कायद्यानेही २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमान्वये शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. जे गुरुजींस वर्ज्य, ते आईबापांस भूषण कसे ठरेल? गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे : बोलणे उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे. या तपाची परीक्षा सभेत होत नाही. ती स्वयंपाकघरात आणि परीक्षेच्या निकालाच्या दिवशी होते.

तिसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. अठराव्या अध्यायात निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांना न सोडणारी धृती तामस म्हटली आहे. मग विषण्ण मनुष्यास तामस का म्हणू नये? उत्तर असे की तेथे दुर्बुद्धीने जो विषादास कवटाळतो, त्याच्याविषयी बोलणे आहे. ज्यास विषादानेच कवटाळले आहे, जो सुटू पाहतो पण सुटू शकत नाही, तो रोगी होय. ज्वर चढलेल्यास कोणी तामस म्हणत नाही. श्रीकृष्णांनीही प्रथम अर्जुनास दुर्बलतेबद्दल टोकले हे खरे. परंतु तो उठला नाही हे पाहून ते संतापले नाहीत, रथ सोडून गेले नाहीत. किंचित हसून बोलू लागले आणि अठराव्या अध्यायापर्यंत बोलत राहिले. त्यांनी प्रश्न विचारू दिले, एकच गोष्ट पुनःपुन्हा समजाविली आणि अखेरीस सर्व विचार करून जसे वाटेल तसे कर, असे स्वातंत्र्य दिले. ‘जरा हिंमत धर’ हे एकच वाक्य फेकून जो निघून जातो, त्याने गीतेचा एक श्लोक वाचला आणि पुढचे पान उलटलेच नाही.

अभयाचे हे कार्य समाजानेही कसे करावे, याचे उदाहरण पुन्हा याच प्रदेशात आहे. १९४७ च्या फाळणीत सरहद्द प्रांतातील बन्नू, डेरा इस्माईलखान, कोहाट, पेशावर या भागांतून हिंदू व शीख कुटुंबे घरदार सोडून आली. कुरुक्षेत्रावर तंबूंचे नगर वसले. तेथे सुमारे तीन लक्ष निर्वासित होते. ज्या भूमीवर गीता सांगितली गेली, तेथेच पुन्हा असंख्य विषण्ण माणसे येऊन बसली, आणि त्यांत मुले होती. ज्यांनी आग पाहिली होती, रक्त पाहिले होते, अशी ती मुले. रात्री पडदा लावून त्यांना मिकी माऊस, डोनाल्ड डक यांचे चित्रपट दाखविले जात, हा लहानसा तपशील विसरण्याजोगा नाही. अन्न व वस्त्र यांच्या बरोबरीने हसूही हवे असते, हे कोणास तरी उमगले होते.

सरहद्दीवरील या कुटुंबांपैकी सहस्रावधी माणसांसाठी १९४९ पासून फरीदाबाद येथे नवे नगर उभारण्यात आले. त्याच्या मंडळाचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते, कमलादेवी चट्टोपाध्याय व सुधीर घोष यांनी त्यात परिश्रम केले. या कार्याची विशेष गोष्ट अशी की निर्वासितांना केवळ भिक्षा दिली गेली नाही. त्यांनी सहकारी पद्धतीने स्वतःच्या श्रमाने घरे बांधली. १९५१ साली तेथे रुग्णालय उभे राहिले, त्यास सरहद्दीच्या बादशाहखानांचे नाव दिले गेले. आश्रय, बरोबरीच्या माणसांची संगत आणि हातांना काम, ही या लोकांना मिळाली; गऊघाटावर सूरदासांनाही याच प्रकारचे औषध मिळाले होते. बाप पुन्हा काम करू लागला, चुलीवर भाकरी नेमाने भाजू लागली, निजण्याची जागा रोज तीच राहिली, म्हणजे मुलाच्या दृष्टीने जग पुन्हा जागेवर येते. ज्या घरांतील वडिलांनी त्या काळातील दुःख कधी बोलून दाखविले नाही, तेथील नातवंडांनी त्यांच्या अबोलपणास केवळ तिरसटपणा समजू नये.

दुःख देहात मुरते हे खरे असले, तरी ते तेथेच गोठून राहते असे नाही. सहाव्या अध्यायात अर्जुन मनाला वाऱ्यासारखे अनावर म्हणतो; भगवान ते मान्य करतात आणि लगेच अभ्यासाचा उपाय सांगतात. मेंदूविषयी आजचे शास्त्रही आशा देते. मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले, की जी उंदरीण आपल्या पिलांना अधिक चाटते, तिची पिले मोठेपणी ताणाने कमी विचलित होतात. आणि कमी चाटणाऱ्या आईचे पिलू अधिक चाटणाऱ्या आईच्या कुशीत वाढविले, तर तेही तसेच शांत होते. जन्मापेक्षा कूस बलवान ठरली. वासराला चाटणारी गाय ज्या देशात वात्सल्याचे प्रतीक मानली जाते, त्या देशातील गृहस्थास यात नवल वाटू नये. रुमानियातील अनाथालयांत निष्प्रेम वाढलेल्या बालकांविषयीही २००० सालापासून झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जी लवकर, विशेषतः दोन वर्षांच्या आत, प्रेमळ कुटुंबात गेली, ती जवळच्या माणसांशी नाते जोडण्याच्या बाबतीत अधिक सावरली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० वृद्ध स्त्री-पुरुषांपैकी ज्यांनी वर्षभर नियमाने चालण्याचा व्यायाम केला, त्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले. उतारवयातही देह सुधारू शकतो, मग बालकाविषयी निराशा कशाला?

यास्तव गृहस्थाने काही नियम निश्चयाने पाळावेत. घरात प्रवेश करताना बाहेरचा क्रोध उंबरठ्याबाहेर ठेवावा. मुलाच्या देखत त्याच्या आईचा अवमान करू नये. त्याची तुलना भावाशी, बहिणीशी वा शेजाऱ्याच्या मुलाशी करू नये. भोजन, निद्रा व खेळ यांच्या वेळा शक्य तितक्या ठरलेल्या असाव्यात. आहार, विहार, कर्म आणि निद्रा युक्त असणाऱ्याचा योग दुःख दूर करतो, असे सहावा अध्याय सांगतो, तो केवळ संन्याशासाठी नव्हे. घरातील एक तरी वडीलधारे माणूस असे असावे, की ज्याच्याजवळ मूल कोणतीही गोष्ट, अगदी लाज वाटणारी गोष्टही, न भिता बोलू शकेल. आजी-आजोबांना हे विशेष साधते. भीष्मांची मांडी प्रत्येक घरात असू शकते. एखादे मूल कोणाकडून छळ झाल्याचे सांगेल, तर त्यास प्रथम खोटे ठरवू नये, घराण्याच्या अब्रूसाठी गप्प बसवू नये. संकटातील बालकासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

घरात कोणी आठवडेच्या आठवडे खिन्न राहत असेल, निद्रा व भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन रमत नसेल, जगणे नको असे शब्द तोंडातून निघत असतील, तर वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले, की आपल्या देशात दर वीस व्यक्तींमागे एकीस नैराश्याचा त्रास होतो, आणि अशांपैकी सुमारे ८५ टक्के उपचारांपासून वंचित राहतात. २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. औषध घेतल्याने श्रद्धेस उणेपणा येत नाही. नामस्मरण व औषध यांत वैर नाही. दोन्ही एकाच परमेश्वराच्या दयेची रूपे आहेत.

रुग्णाशी कसे बोलावे, याचा आदर्श महाराष्ट्राच्या घरातच आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई या चार भावंडांनी बालपणीच बहिष्काराचे चटके सोसले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, असे परंपरा सांगते. एकदा लोकांच्या अपमानाने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी पर्णकुटीची ताटी लावून घेतली. तेव्हा धाकटी मुक्ता त्या ताटीबाहेर उभी राहिली. तिने ताटी मोडली नाही, आत बसणाऱ्यास हिणविले नाही आणि कंटाळून निघूनही गेली नाही. भाऊ मोठा आहे, संत आहे, याची त्यास आठवण देत ती त्यास पुनःपुन्हा विनवीत राहिली. ज्या घरात आज एखाद्या खोलीचे दार दिवसभर बंद असते, तेथे या लहान बहिणीची रीत आचरावी.

आणखी एका माणसास अभय हवे आहे. तो म्हणजे स्वतः मारणारा बाप किंवा टोचून बोलणारी आई. पुष्कळदा तीही एके काळची भ्यालेली मुले असतात. जे सोसले तेच पुढे देणे, ही साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालते. आपणच आपला उद्धार करावा, आपण आपल्याला खचू देऊ नये, असे भगवान सहाव्या अध्यायात सांगतात. उगारलेला हात एकदा खाली घेणे, बोललेल्या कठोर शब्दाबद्दल लेकराची क्षमा मागणे, आवश्यक तर स्वतःही उपचार घेणे, हाच त्या उद्धाराचा आरंभ. ज्या दिवशी एक गृहस्थ ही साखळी तोडतो, त्या दिवशी त्याच्या न जन्मलेल्या नातवंडांनाही अभय मिळते.

सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीची गणना केली आहे. त्या दीर्घ मालिकेत पहिला मणी अभय हा आहे; शुद्धी, दान, यज्ञ, स्वाध्याय, तप ही सर्व त्याच्या मागून येतात. जेथे भय आहे तेथे बाकीचे सद्गुण रुजावयास भूमीच मिळत नाही, असा या क्रमाचा अर्थ घेता येतो. आणि नवव्या अध्यायात तोच प्रभू आपली ओळख जगाचा पिता, माता आणि पितामह अशी करून देतो. बालक देवाला जाणते ते प्रथम याच तीन शब्दांतून. ‘देव बापासारखा आहे’ हे वाक्य ऐकून मूल देवाजवळ धावेल की देवापासून दडेल, हे घरातील बापाच्या वागण्यावर ठरते. मंदिरात तेवणाऱ्या दिव्याला तेल घालणे पुण्याचे आहेच. पण आपल्या पावलांचा आवाज ऐकून घरातील मूल दारापाशी धावत यावे, असे आचरण ठेवणे ही गृहस्थाची नित्यपूजा होय.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥